रानात साथ पसरते कशी? पेटीतली सातेरी, ढोलीतली सातेरी आणि इतर मंडळी

मावळमेवा | ९ जानेवारी, रात्री १०:१२

पौडच्या पुढे मामांच्या शेताच्या बांधाला माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. हौस म्हणून ठेवल्यात, मधाचं उत्पन्न सांगण्यासारखं नाही. दिवाळीनंतर वसाहती छान भरल्या होत्या आणि आता अळ्या मरताहेत. कप्प्याचं झाकण अर्धवट कुरतडलेलं, आत अळी पाठीवर ताठ पडलेली, डोकं वर उचललेलं. चिमट्याने धरली की अख्खी बाहेर येते आणि कातडीच्या आत पाणी साठलेलं दिसतं. वास अजिबात नाही. महाबळेश्वरकडच्या एका जुन्या मधपाळांना फोटो पाठवले. त्यांनी एका ओळीत निकाल दिला: थाई सॅकब्रूड, म्हणजे अळ्यांचा विषाणूरोग.

उपचार विचारायला धागा काढलेला नाही (औषध नाही हे कळलंय). प्रश्न वेगळा आहे. बांधापासून हाकेच्या अंतरावर उंबराच्या ढोलीत रानटी सातेरीचं मोहोळ आहे. तिथली ये-जाही रोडावली आहे. मग रोग माझ्या पेट्यांतून ढोलीत गेला, की ढोलीतून पेट्यांत आला? आणि मुळात रानात साथ चालते कशी? माणसांचं आपण २०२० मध्ये पाहिलं: विमानं, रेल्वे, लग्नं, मंडई. रानात ना मंडई, ना एसटी स्टँड. एक मोहोळ इथे, दुसरं दोन टेकड्या सोडून. तरी साथ येते, पार सफाया करून जाते आणि कधीतरी थांबतेही. जाणकारांनी लिहावं. माश्यांपुरतंच नको, माकडं, उंदीर, अळ्या, ज्याला जे ठाऊक असेल ते.

खिडकीतला_बुलबुल | ९ जानेवारी, रात्री १०:३१

वाचतोय. वाचनखूण साठवली.

पेट्रीताई | ९ जानेवारी, रात्री ११:४७

छान धागा. आधी पेटीच्या आतलं बघू, म्हणजे बाहेरचं कळेल.

सॅकब्रूडचा विषाणू अळीला मारतो, मोठ्या माशीला नाही. अळी दोनेक दिवसांची असताना दाई माश्यांनी भरवलेल्या खाण्यातून तो तिच्यात शिरतो. अळी वाढते, कप्प्याला झाकण लागतं, पण शेवटची कात टाकून कोषात जाणं तिला जमत नाही. जुनी कात आणि शरीर यांच्यामध्ये पाणी साठतं आणि त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो. आता वसाहतीतल्या तरुण माश्यांचं कामच मुळी मेलेल्या अळ्या उपसून साफसफाई करणं. ती करताना कातडी फुटते, पाणी तोंडात जातं आणि विषाणू नेमका त्यांच्या डोक्यातल्या त्या ग्रंथींमध्ये जाऊन बसतो जिथून अळ्यांचं खाणं स्रवतं. म्हणजे सफाई कामगारच उद्या दाई! रोगासाठी याहून सोयीची नेमणूक नाही.

यावर वसाहतीकडे एक उतारा असतो. लागण झालेली माशी परागकण खाणं सोडते, अळ्यांना भरवणं सोडते आणि वयाच्या आधीच बाहेर चरायला जायला लागते. त्यामुळे ती घरातल्या बाळांपासून तुटते. पण बाहेर पडलेली हीच माशी परागाच्या गोळ्या बांधताना त्यात विषाणू मिसळते. घरातली वाट अरुंद झाली तरी फुलावरची उघडी राहते.

दोन वसाहतींमध्ये मुख्य वाटा म्हणजे लूट (दुबळ्या वसाहतीतला मध दुसऱ्या माश्या लुटतात आणि सोबत हे घेऊन जातात), वाट चुकून भलत्याच पेटीत शिरणाऱ्या माश्या, दारोदार फिरणारे नर आणि घर सोडून निघालेली झुंड. रानात दोन मोहोळांमध्ये बरंच अंतर असतं, त्यामुळे वाट चुकणं क्वचित. तुमच्या बांधावर पेट्या किती फुटांवर आहेत?

मावळमेवा | १० जानेवारी, सकाळी ७:०५

चार-पाच फूट. सगळ्यांची तोंडं पूर्वेला, सगळ्यांचा रंग एकच.

पेट्रीताई | १० जानेवारी, सकाळी ९:२०

हं. तर मग "कुणी कुणाला दिला" हे आता सिद्ध करता येणार नाही, पण वाढवला कुठे हे सांगता येतं. तुमच्या बांधावर.

मोठ्या प्रमाणावर हेच दक्षिणेत झालं. १९९१-९२ च्या सुमारास कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत थाई सॅकब्रूडने सातेरीच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती मारल्या. हजारो मधपाळांचा धंदा बुडाला, रानातली मोहोळंही गेली. सातेरी स्वतः उडून किती लांब जाणार? एक-दीड किलोमीटर. रोगाला पुढचा पल्ला गाठून दिला तो पेट्यांच्या आणि वसाहतींच्या ने-आणीने. फुलोऱ्यामागे पेट्या हलवणं हा या धंद्याचा भागच आहे. पुढे सावरलं तेही असंच: ज्या थोड्या वसाहती तगल्या त्यांच्यापासून वाढ केली गेली.

नमुना तपासून घ्यायचा असेल तर आपल्या पुण्यातच गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. तिथे विचारा. फोटोवरून युरोपियन फाउलब्रूड (अळ्यांचा दुसरा एक रोग) आणि हे यांत गफलत होऊ शकते, जरी वास नाही म्हणताय त्यावरून मधपाळकाकांचं बरोबर वाटतं.

नारायणपेठी | १० जानेवारी, सकाळी ११:०२

पेट्या जाळा आणि मोकळे व्हा. आमच्या आजीच्या माहेरी उंदीर पडला की गाव सोडायचे, रानात झोपड्या बांधून राहायचे. कुणी शास्त्रज्ञ आला नव्हता सांगायला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरात शिरून माणसं बाहेर काढणाऱ्या साहेबापेक्षा या खेडुतांना रोग जास्त कळला होता.

शून्य_भागिले | १० जानेवारी, दुपारी १:१५

काका, निम्मं पटलं. उंदीर पडला की घर सोडायचं हे शंभर टक्के शहाणपणाचं होतं, कारण पिसू उंदराचं शरीर गार झालं की उतरते आणि नवं ऊबदार अंग शोधते. जिवंत आजारी उंदरापेक्षा मेलेला उंदीर घरातल्या माणसाला धोक्याचा. पिसवांचा हा धागा पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवला. बरीच वर्षं त्याला कुणी मनावर घेतलं नाही.

पण "जाळा" हे उत्तर प्लेगलाही पुरलं नाही. घरातले उंदीर पटापट मरतात, म्हणजे रोगाचं तिथलं सरपण संपतं. मग तो दोन साथींच्या मधली वर्षं राहतो कुठे? रानात. शेताच्या बांधातल्या, माळावरच्या काही जातींच्या उंदरांना लागण होते पण त्यातले पुष्कळ तगतात आणि बिळातल्या पिसवांमध्ये जंतू टिकून राहतो. माळावरचे आणि घरातले उंदीर एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये किल्लारीचा भूकंप झाला, पडक्या घरांत धान्य राहिलं, उंदीर वाढले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या. भूकंपाशी थेट संबंध किती यावर वाद आहे. पण रानातली बिळं आणि गावातली घरं यांच्यातलं अंतर मोडलं की काय होतं याचं उदाहरण म्हणून लोक तेच देतात.

दोडामार्गी | १० जानेवारी, रात्री ९:३८

सध्या मुक्काम पुण्यात, गाव सिंधुदुर्गात. त्यामुळे माकडतापावर मीच लिहायला हवं.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. आधी सगळ्यांच्या पोटात गोळा आला, कारण माकडं मरणं आणि ताप म्हटल्यावर पिवळा ताप आठवतो, आणि तो भारतात कधीच नव्हता. पुण्यातल्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं तिथे गेली (हेच केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालं, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही). निघाला नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा.

आमच्याकडे तो २०१६ मध्ये आला. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणारी, काजू वेचणारी माणसं पहिली सापडली. आता गोचिडीचा फेरा बघा. पाऊस संपता संपता अंड्यांतून बारीक पिल्लं निघतात, ती उंदीर-चिचुंद्रीवर, पक्ष्यांवर पोट भरतात. डिसेंबरपासून मेपर्यंत दुसरी अवस्था असते, ती तिळापेक्षा लहान, दिसत नाही, आणि हीच माणसाला आणि माकडाला चावते. नेमका काजूचा हंगाम. पावसाळ्यात मोठी झालेली गोचीड गुरांवर चढते, रक्त पिऊन फुगते, खाली पडून अंडी घालते.

विषाणू उंदीर-चिचुंद्रीत मुकाट फिरत असतो. वानर किंवा लालतोंडी माकड सापडलं की त्याच्या रक्तात तो अफाट वाढतो, त्याच्या अंगावरच्या ढीगभर गोचिड्यांना मिळतो, आणि माकड मेलं की त्या सगळ्या त्या एका झाडाखाली उतरतात. म्हणून आमच्याकडे मेलेलं माकड दिसलं की जवळ जायचं नाही, कळवायचं. शून्यरावांनी पिसवांचं सांगितलं तेच, फक्त बिळाच्या जागी झाडाखालचा पाला.

आणि गुरं! गुरांमुळे विषाणू वाढत नाही, पण गोचीड वाढते. जंगलात चराई वाढली, जंगल तुकड्या-तुकड्याने तुटलं, मध्ये काजूच्या आणि रबराच्या बागा झाल्या. माणूस, गुरं, माकड आणि गोचीड एकाच पाल्यावर. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही. आपण रोगाच्या वाटेतला शेवटचा थांबा, पण वाट आखून देण्यात आपला हात मोठा.

खिडकीतला_बुलबुल | १० जानेवारी, रात्री १०:०४

बाप रे. उद्या ताम्हिणीला ट्रेक आहे माझा.

दोडामार्गी | १० जानेवारी, रात्री १०:११

खुशाल जा. माकडताप तिकडे नाही. पूर्ण बाह्या, पायमोजे पॅंटवर, घरी आल्यावर आंघोळ. गोचीड कुठलीही असो, ही सवय बरी.

हिरवी_पाऊलवाट | ११ जानेवारी, सकाळी ८:५०

सगळं वाचून वाटलं की आपण ढवळाढवळ केली नाही तर निसर्ग आपोआप तोल साधतो. रोग फार घातक असेल तर यजमानाला मारून स्वतःच विझतो, म्हणून काळाबरोबर प्रत्येक रोग सौम्य होत जातो. मावळमेवा, तुम्ही काहीच करू नका.

शून्य_भागिले | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की जरा सविस्तर लिहितो.

रोग सौम्य होईल की नाही, हे तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो यावर ठरतं. शाळेतलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातले ससे. १९५० मध्ये तिथे सशांचा सुळसुळाट कमी करायला मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडला. सुरुवातीला लागण झालेले जवळजवळ सगळे ससे मरत होते. काही वर्षांत विषाणू मवाळ झाला, कारण तो पसरवायचे डास, आणि ससा फार लवकर मेला तर डासांना चावायला वेळच मिळत नव्हता. पण तो अगदी निरुपद्रवीही झाला नाही! अंगावर जखमाच नसतील तर डासाच्या सोंडेला विषाणू लागणार कसा? तो मधोमध स्थिरावला. आणि सशांमध्ये प्रतिकार वाढला तशी पुढच्या काळात विषाणूनेही धार परत वाढवली.

उलटी गोष्ट मधमाश्यांमध्येच आहे. वाकड्या पंखांचा विषाणू पूर्वीपासून होता, फारसा कुणाला त्रास देत नव्हता. व्हरोआ हा कोळ्याच्या नात्यातला किडा मुळात आपल्या सातेरीवरचा. सातेरीत तो प्रामुख्याने नरांच्या कप्प्यांत वाढतो, त्यामुळे दोघांचं कसंबसं जमलं होतं. माणसाने युरोपियन मेलिफेरा माशी आशियात आणली, शेजारी ठेवली, आणि व्हरोआ तिच्यावर उडी मारून जगभर गेला. तो माशीला भोक पाडून खातो आणि विषाणू थेट शरीरात टोचतो. हवाईच्या ओआहू बेटावर तो २००७ मध्ये पोहोचला. त्याआधी तिथल्या दहातल्या एखाद्या वसाहतीत हा विषाणू सापडायचा, नंतर जवळपास सगळ्यांत, आणि त्याच्या अनेक वाणांपैकी एकच वरचढ ठरला. नवी वाट मिळाल्यावर रोग सौम्य झाला नाही, तिखट झाला.

गणितात आम्ही दोन टोकं मानतो. एक: प्राणी जितके दाट तितका प्रसार जास्त, विरळ झाले की साथ विझते. दोन: दाटीशी संबंध नाही, भेटी ठरलेल्याच. समागमातून पसरणारे रोग, एकमेकांना शोधत जाणाऱ्या सामाजिक प्राण्यांचे रोग यात येतात, आणि हे शेवटच्या जोडीपर्यंत पाठलाग करू शकतात. प्रत्यक्षात बहुतेक रोग अधेमधे. "किती आहेत" याच्याइतकंच, बरेचदा जास्त, "कोण कुणाला भेटतं" हे बघावं लागतं.

आणि काही रोगांना भेटीचीही गरज नसते. वाळूमाशीतला चांदीपुरा विषाणू (१९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुऱ्यात पहिल्यांदा सापडला, शोध पुण्याच्याच संस्थेचा) मादीकडून अंड्यात उतरतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. कीटकांमध्ये वोल्बाकिया नावाचा जंतू तर सर्रास आईकडूनच येतो आणि लागण नसलेल्या माद्यांची अंडी लागण झालेल्या नरांकडून वाया घालवून स्वतःची वंशावळ वाढवतो. डेंग्यूचे डास हतबल करायला आता त्याचाच उपयोग करतात.

भीमाकाठ | ११ जानेवारी, दुपारी २:२२

तुम्ही साथ थांबवायचं बोलताय, आम्ही विकत आणतो राव. हरभऱ्यावर घाटेअळी आली की एचएएनपीव्ही मारतो. विषाणूच तो. पंपात थोडी नीळ टाकायची आणि संध्याकाळी मारायचा, उन्हाने मरतो म्हणून. लहान अळी असतानाच मारायचा, मोठी झाली की दाद देत नाही.

फवारल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच होत नाही, अळी खातच असते. शेजारचा हसतो. मग ती सुस्तावते, पिवळट पडते आणि शेंड्याकडे चढायला लागते. शेंड्याला मागच्या पायांनी धरून उलटी लटकते आणि तशीच मरते. कातडी इतकी पातळ होते की बोट लागलं तरी फुटते, आतलं पाणी खालच्या पानांवर ओघळतं. खालच्या अळ्या ती पानं खातात. आमचे जुने लोक आधी अशा लटकलेल्या अळ्याच गोळा करायचे, वाटून, गाळून परत फवारायचे.

माझा प्रश्न: मरायला टेकलेली अळी वर का चढते? आजारी माणूस खाटेवर पडतो.

पेट्रीताई | ११ जानेवारी, सायंकाळी ६:४०

भीमाकाठ, धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

ती चढत नाही, तिला चढवलं जातं. अळी कात टाकायच्या वेळी खाणं थांबवून स्वस्थ बसते. अशाच विषाणूच्या एका भाईबंदाकडे असं जनुक आहे जे कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं. मग अळी थांबतच नाही, खात राहते, चढत राहते. स्पंज मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांवर प्रयोग करून २०११ मध्ये दाखवलं गेलं की ते जनुक काढून टाकलं तर अळ्या खालीच मरतात. वर मेली की ओघळ खालच्या सगळ्या पानांवर, शिवाय पक्ष्याने खाल्ली तर विष्ठेतून आणखी लांब. कणांभोवती प्रथिनाचं कवच असतं, मातीत ते खूप काळ टिकतं. म्हणजे अळी आणि अळी यांची भेट न होताही काम होतं.

पशुवैद्य_जुन्नर | १२ जानेवारी, सकाळी ७:३०

एक इशारा आधी. रानात प्राणी पटापट मरताना दिसले की साथच असेल असं धरून चालू नका. गिधाडं संपत होती तेव्हा कित्येक वर्षं सगळे विषाणू शोधत होते. लक्षणंही तशी: मान खाली टाकून बसणं, मग मरणं. २००४ मध्ये कारण कळलं ते डायक्लोफिनॅक, गुरांना द्यायचं साधं दुखण्यावरचं औषध. मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात, आणि मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती.

आता त्याचा साथीशी संबंध. गिधाडं गेली, मढी माळावर पडून राहिली, ती खायला भटकी कुत्री आली. पुण्याच्या आसपासच्या माळांवर, सासवड, सोलापूर रस्ता, इकडे लांडगे, तरस, खोकड राहतात. त्याच मढ्यावर, त्याच कोंबड्यांच्या कचऱ्यावर कुत्री. कॅनाइन डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे नेहमीचे रोग. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अभ्यास झालाय, तिथली बहुसंख्य कुत्री या रोगांना कधी ना कधी सामोरी गेलेली आणि खोकडांमध्येही त्यांच्या खुणा मिळाल्या.

गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबरपासून दलखाणिया भागात २३ सिंह मेले. नमुने पुण्याला एनआयव्हीत आले, डिस्टेंपर निघाला. रानातले सगळे आशियाई सिंह एका टापूत, एका मढ्यावर पूर्ण कळप. आफ्रिकेत सेरेंगेटीत १९९४ मध्ये असंच हजारेक सिंह गेले, एकूणपैकी तिसरा हिस्सा. तिथे आणखी एक पदर निघाला. आधीच्या वर्षी दुष्काळ होता, म्हशी अशक्त, अंगावर गोचीड माजलेली. सिंहांनी त्या म्हशी खाल्ल्या, गोचिडीतून बॅबेसिया नावाचा परजीवी रक्तात गेला आणि डिस्टेंपरने प्रतिकार पाडल्यावर त्याने घात केला. डिस्टेंपरच्या साथी तिथे आधीही येऊन गेल्या होत्या, सिंह न मरता. एकट्या विषाणूच्या नावावर सगळं लिहिता येत नाही.

हिरवी_पाऊलवाट | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

म्हणजे वेताळ टेकडीवर, तळजाईवर कुत्र्यांना रोज बिस्किटं टाकणाऱ्यांना आता तरी कुणीतरी समजवा!

नारायणपेठी | १२ जानेवारी, सकाळी ८:२१

कुत्री उचला. आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह सापडला म्हणे, तीही हाकला. प्रश्न मिटला.

टेकडीवरची_मनी | १२ जानेवारी, सकाळी ८:२९

बिस्किटं टाकणारी मीच. नसबंदी आणि लस दोन्ही स्वतःच्या पैशाने करून घेते. बोला.

(संपादक: कुत्र्यांवरचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्यावा. इथले पंचवीस प्रतिसाद हलवले आहेत.)

पशुवैद्य_जुन्नर | १२ जानेवारी, रात्री ९:५५

मनीताई, लस देताय हे उत्तमच. फक्त रेबीजची नको, डिस्टेंपर-पार्व्होचीही द्या. पण सेरेंगेटीत कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिल्यावर कुत्र्यांमधल्या साथी आटल्या, सिंहांमधली लागण मात्र चालूच राहिली. तरस, कोल्हे असे इतर यजमान होतेच. लस हवी, आणि अन्नाची जागा रानाच्या कडेपासून लांबही हवी.

काका, हाकलण्याबद्दल. इंग्लंडमध्ये गुरांना क्षयरोग होतो तो बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याकडूनही येतो. १९९८ ते २००५ त्यांनी रीतसर प्रयोग केला: काही भागांत बॅजर मारले, काही भागांत नाही. मारलेल्या भागात गुरांचा रोग थोडा घटला, पण लगतच्या पट्ट्यात वाढला. कारण कळपांच्या हद्दी मोडल्या, उरलेले बॅजर लांब-लांब भटकायला लागले, नव्या-नव्यांना भेटायला लागले. स्वित्झर्लंडने उलट केलं. कोल्ह्यांच्या रेबीजसाठी कोल्हे मारून थकल्यावर १९७८ मध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली. कोल्हे आपापल्या हद्दीत राहिले आणि लसवंत झाले. पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज गेला तो त्या वाटेने.

महाबळेश्वरचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत गुहेतल्या वटवाघळांच्या दोन जातींत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा दिसल्या. माणसांत साथ आली असा त्याचा अर्थ होत नाही. गुहेत धूर करून ती उठवली तर ती दुसऱ्या छताखाली जाणार, कदाचित तुमच्या. ती आहेत तिथे बरी आहेत. उष्टी फळं तेवढी खाऊ नका.

खिडकीतला_बुलबुल | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

मी फ्लॅटच्या गॅलरीत पक्ष्यांना पाणी आणि दाणे ठेवतो. तेही बंद करायचं का आता?

पेट्रीताई | १३ जानेवारी, दुपारी ३:०८

बंद नको, घासा. अमेरिकेत १९९४ पासून हाउस फिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांमध्ये डोळे येण्याची साथ पसरली. जंतू मूळचा कोंबड्यांमधला, आणि पसरायला मदत केली परसातल्या दाण्याच्या नळ्यांनी: आजारी पक्षी डोकं आत घालतो, कडेला जंतू लावतो, पुढचा तिथेच डोकं घालतो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या घशाच्या एका परजीवी रोगाने घसरली, तिथेही दाण्या-पाण्याच्या जागांकडे बोट दाखवलं जातं. भांडं रोज घासून उन्हात कोरडं करा, दाणे थोडे आणि विखरून टाका. फुगून बसलेला, डोळे चिकटलेला पक्षी दिसला तर दोन आठवडे ठेवूच नका.

मावळमेवा | १४ जानेवारी, रात्री ८:२०

तिळगूळ घ्या मंडळी. धागा कुठल्या कुठे गेला, मजा आली.

पेट्या आता बांधभर विखुरल्या आहेत, तोंडं वेगवेगळ्या दिशांना, दारांवर वेगळे रंग. दारं बारीक केली, म्हणजे लूट कमी. उघड्यावर पाक ठेवणं बंद. सगळ्यात खराब दोन वसाहतींच्या राण्या पिंजऱ्यात टाकल्या, दोन-अडीच आठवडे नवी अंडीच नाहीत, म्हणजे विषाणूला भरवायला बाळच नाही. एका पेटीत मात्र गंमत आहे. शेजारच्या दोन्ही बसल्या, हिच्यात मेलेली अळी शोधून सापडत नाही. पुढच्या वर्षी वाढ करायची तर हिच्यापासूनच.

भीमाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:०२

ती पेटी मला द्या की भाड्याने. कांद्याचं बियाणं धरलंय, फेब्रुवारीत गोंडे फुलतील, माशी कमी पडते आमच्याकडे. आणि तो अळीचा विषाणू मारला तर तुमच्या माशीला काही होईल का?

पेट्रीताई | १४ जानेवारी, रात्री ९:३६

घाटेअळीचा विषाणू घाटेअळीपुरताच, माशीला लागत नाही. पण पेटी आत्ता हलवू नका. हिच्यात लक्षणं नाहीत म्हणजे विषाणू नाही असं नव्हे, मोठी माशी आजारी न दिसताही तो वागवते. भीमाकाठांच्या गावाजवळ सातेरी पाळणारं कुणी असेल तर फुकटचा पाहुणा जाईल. आधी अळ्यांची आणखी एक पिढी या पेटीत स्वच्छ निघू दे, गणेशखिंडला नमुना तपासून घ्या, मग बघू.

भीमाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:४१

बरं. गोंडे अजून बांधलेलेच आहेत. नमुन्याचं कळलं की फोन करा, टेम्पो माझा.